कच्चे मडके, कोरा कागद

माणसाने स्वतःला ओळखावे, हा उपदेश आपल्याकडे काही नवा नाही. कीर्तनात तो ऐकू येतो, प्रवचनात ऐकू येतो, आणि आपण मान डोलावून घरी येतो. घरी आल्यावर मात्र जो तो आपल्या उद्योगाला लागतो आणि स्वतःला ओळखण्याचे काम साधुसंतांच्या वाट्याला राहते. जणू काही हा संसार सोडलेल्या लोकांचाच विषय आहे! ज्याला शाळा चालवायची आहे, सोसायटीचा कारभार पाहायचा आहे, चार माणसे बरोबर घेऊन गावच्या पाण्याची टाकी पुरी करायची आहे, त्याचा या गोष्टीशी काय संबंध?

मला आज असे सांगायचे आहे की, संबंध असलाच तर त्याचाच सर्वांत जास्त आहे. एकट्यादुकट्या माणसाचा दोष त्याच्या घरापुरता राहतो. पण ज्याच्या शब्दावर चार माणसे चालतात त्याचा दोष त्या चौघांना भोवतो. शिक्षकाला आपली उणीव कळली नाही तर तिची किंमत वर्गातली चाळीस मुले मोजतात, आणि तीही पुढे कित्येक वर्षे. सरपंचाला आपला तापट स्वभाव कळला नाही तर गावातली शहाणी माणसे हळूहळू सभेला येईनाशी होतात. तेव्हा स्वतःची पारख हा केवळ परमार्थाचा विषय नाही. तो रोजच्या कामाचा, हुद्द्याचा आणि जबाबदारीचा विषय आहे.

हे सांगण्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. आपल्या जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर आहे, पूर्वीचे एदलाबाद. तिथून जवळच चांगदेव या गावी तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम आहे, आणि संगमावर चांगदेवांचे जुने दगडी देऊळ आहे. मुक्ताईचे स्थान कोथळीला आहे, मेहूणला आहे. शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, वैशाख वद्य दशमीला मुक्ताई इथे तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. परंपरेने सांगितलेले जन्मसाल धरले तर तिचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत माणसे चांगदेवही करतात आणि मुक्ताईही करतात. आषाढीला इथून निघणारी पालखी शेकडो मैल चालून पंढरपूरला पोहोचते.

आता मौज पाहा. या मुलीच्या ज्या तीन गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात, त्या तिन्ही गोष्टींत ती कोणा ना कोणा मोठ्या माणसाला त्याची स्वतःची ओळख करून देते. एक थोर योगी, एक थोर भक्त आणि एक तिचा सख्खा भाऊ. या गोष्टींत चमत्कार पुष्कळ आहेत. ते घडले की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. गोष्टींतले माणसाचे वागणे तेवढे पाहू, कारण ते आजही आपल्या शाळेत आणि पंचायतीत दिसते.

पहिली गोष्ट चांगदेवांची. चांगदेव म्हणजे चौदाशे वर्षे जगलेले योगी, असे लोक मानत. शिष्यांचा मोठा मेळा, सिद्धी अनेक. त्यांच्या कानावर आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती आली. भेटीला जाण्यापूर्वी पत्र पाठवावे म्हणून ते लिहायला बसले आणि पहिल्या ओळीपाशीच अडले. मायना काय लिहायचा? ‘चिरंजीव’ म्हणावे तर ही मुले ज्ञानाने मोठी. ‘तीर्थरूप’ म्हणावे तर ती वयाने अगदीच लहान. विचार करून करून त्यांनी शेवटी कोरा कागदच धाडून दिला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की, इतकी वर्षे जगूनही हे बाबा कोरेच राहिले! मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. ‘चांगदेव पासष्टी’ ती हीच.

चांगदेवांना विद्या कमी नव्हती. अडचण एवढीच होती की आपण कुठे उभे आहोत, हे त्यांना ठरवता येत नव्हते. वयाचे आणि मानाचे माप हातात होते आणि समोरची मुले त्या मापात बसत नव्हती. ही अडचण तुम्हाआम्हालाही येते. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या गुरुजींच्या शाळेत डी. एड. होऊन नवा मुलगा येतो. त्याच्या वर्गात मुले गोंगाट न करता रमतात, घटक लवकर शिकतात. गुरुजींच्या मनात येते, हा कालचा पोर! त्याला विचारायचे तर मान आड येतो, आणि न विचारावे तर आपल्या वर्गातली मुले मागे राहतात. किंवा उलटही होते. तरुण मुख्याध्यापक म्हणून नेमला जातो आणि हाताखाली त्याचेच जुने शिक्षक असतात. तो एक तर उगाच कडक होतो, नाहीतर निर्णयच घेत नाही. इथेही मायनाच अडलेला असतो.

पण चांगदेवांच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, मायना सुचेना तेव्हा त्यांनी खोटा मायना लिहिला नाही. कागद कोरा ठेवला. ‘मला हे कळत नाही’ असे म्हणण्याचाच तो एक प्रकार होता. दुसरी गोष्ट अशी की, जिने त्यांना कोरे म्हटले त्या मुक्ताईलाच त्यांनी पुढे गुरू केले. तिच्यावर ते रागावून बसले असते तर पुढचे काहीच घडले नसते. आज त्यांचे देऊळ आणि तिचे स्थान एकाच यात्रेत घडतात, यात मला फार अर्थ दिसतो.

दुसरी गोष्ट नामदेवांची. तेर गावी गोरोबाकाका कुंभार यांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईचे लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेले. तिने विचारले, ‘काका, हे काय?’ काका म्हणाले, ‘बाळ, हे थापटणं. यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं.’ ती म्हणाली, ‘मग इथं बसलेल्या मडक्यांत कच्चं कोणतं, ते पाहा बरं!’ काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते रागावले. मी पांडुरंगाचा लाडका, आणि माझ्या डोक्यावर थापटणे? काकांनी निवाडा दिला, हे मडके कच्चे.

बाजारात माठ घेताना आपली आई किंवा बायको काय करते, ते आठवा. ती बोटाच्या पेराने माठ वाजवून पाहते. पक्का माठ खणखणीत वाजतो, कच्चा बद्द वाजतो. बाहेरून दोन्ही माठांचा रंग सारखाच असतो. नुसते पाहून फरक कळत नाही, वाजवावेच लागते. माणसाचेही असेच आहे. कोणी चूक दाखवली, कोणी उलट प्रश्न केला, कोणी आपल्या मनाविरुद्ध बोलले, की त्या क्षणी आपला जो आवाज निघतो तो आपला खरा आवाज. बाकीच्या वेळी आपण सगळेच पक्के असतो!

नामदेव चिडले, दुखावले. आपले गाऱ्हाणे घेऊन ते पंढरपूरला देवाकडे गेले, तर देवानेही तोच निवाडा दिला, असे कथा सांगते. म्हणजे त्यांनी दुसरीकडे विचारून खात्री करून घेतली. मग ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केले. पुढचे नामदेव आपल्याला माहीत आहेत. पंढरपुरापुरते न राहता ते उत्तरेत पंजाबपर्यंत पोहोचले. तिथे घुमान गावी त्यांचे स्मरण आजही केले जाते, आणि शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. कच्चे म्हणजे फुटके नव्हे. कच्चे मडके फेकून द्यायचे नसते, ते पुन्हा आव्यात घालायचे असते. आपली उणीव कळल्यावर खचून जाणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावे.

आता तुम्ही म्हणाल, ‘आमचं आम्हाला कळत नाही काय? रोज निजताना विचार केला म्हणजे झालं.’ विचार जरूर करावा. पण केवळ तेवढ्याने भागत नाही, असे आता शास्त्रज्ञही सांगतात. १९५५ साली अमेरिकेत जोसेफ लुफ्त आणि हॅरी इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या ओळखीची एक चौकट मांडली. दोघांच्या नावांची सुरुवात जोडून तिला ‘जोहरी खिडकी’ म्हणतात. आपल्या जवाहिऱ्याशी तिचा संबंध नाही. या खिडकीला चार तावदाने आहेत. पहिल्यात जे मला ठाऊक आणि लोकांनाही ठाऊक ते. दुसऱ्यात जे लोकांना दिसते पण मला दिसत नाही ते. तिसऱ्यात जे मला ठाऊक पण मी लपवतो ते. आणि चौथ्यात जे कोणालाच अजून ठाऊक नाही ते. यांतले दुसरे तावदान आपल्या कामाचे. सदऱ्याच्या पाठीवर पडलेला डाग साऱ्या गावाला दिसतो; ज्याचा सदरा त्यालाच तेवढा दिसत नाही. कितीही वेळ विचार करत बसले तरी पाठ आपली आपल्याला दिसायची नाही. ती दुसऱ्यानेच सांगावी लागते.

आणखी एक प्रयोग सांगतो. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी विद्यार्थ्यांच्या तर्काच्या आणि व्याकरणाच्या चाचण्या घेतल्या आणि प्रत्येकाला विचारले, ‘तुझा नंबर कितवा लागेल?’ सर्वांत मागे पडलेल्या चौथ्या हिश्शातली मुले प्रत्यक्षात शंभरांत सरासरी बाराजणांच्याच पुढे होती, पण त्यांना वाटत होते की आपण बासष्टजणांच्या पुढे आहोत. उलट सर्वांत हुशार मुलांनी स्वतःला खऱ्यापेक्षा थोडे कमीच लेखले. या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, यावर पुढे विद्वानांत बराच वाद झाला. पण त्याच प्रयोगात पुढे काही मुलांना तर्काचे थोडे शिक्षण दिले, तेव्हा मागे पडलेल्या मुलांना आपण किती पाण्यात आहोत याचा अंदाज पहिल्यापेक्षा बरा येऊ लागला. शिक्षकांना हे पटेल. ज्याला शुद्धलेखन येत नाही त्याला आपल्या वहीतल्या चुका दिसत नाहीत. चुका दिसण्यासाठीही थोडे शुद्धलेखन यावे लागते. म्हणून आपला धंदा, आपले काम नीट शिकत राहणे हाही स्वतःला ओळखण्याचाच मार्ग आहे.

बरे, लोकांना विचारायचे हे ठरले. पण कोणाला विचारायचे आणि कसे? ही रीत मी शेतकऱ्याला शिकवायला नको, ती त्याला ठाऊकच आहे. माती परीक्षणासाठी नमुना कसा घेतात? शेतात नागमोडी चालत आठदहा ठिकाणे निवडायची. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची. सगळी माती एकत्र मिसळायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असे करीत अर्धा किलो ठेवायची. आणि कुठली माती घ्यायची नाही? उकिरड्याजवळची नाही, बांधालगतची नाही, झाडाखालची नाही, विहिरीजवळची नाही. नुकतेच खत टाकले असेल तेव्हा तर मुळीच नाही. कारण तशी माती साऱ्या शेताचे खोटे चित्र दाखवते. २०१५ सालापासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यांत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे सगळे लिहून येते. पत्रिकेत नत्र कमी आले म्हणून कोणी शेतकरी प्रयोगशाळेवर रागावत नाही. तो खताचा हिशेब बदलतो.

आपल्या स्वतःच्या नमुन्याचे नियम हेच आहेत. एकाच माणसाला विचारून निकाल लावू नये. दहा ठिकाणची माती घ्यावी. ज्याला आपल्याकडून काही हवे आहे, जो रोज आपल्या ओट्यावर चहाला बसतो, त्याचे मत म्हणजे उकिरड्याजवळची माती. ती सकस असतेच! ज्याचे आपल्याशी जुने भांडण आहे तो बांधालगतचा. दोघांचेही ऐकावे, पण नमुना म्हणून धरू नये. आणि वेळही पाहावी. सत्काराच्या दिवशी, बक्षीस समारंभानंतर, निवडून आल्याच्या गुलालात कोणाला विचारू नये. ती नुकतीच खत टाकलेली माती. जे ऐकू येईल त्यातले एकच कोणी म्हणत असेल तर मनात ठेवून द्यावे. पण तीच गोष्ट चार वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांशी न बोलता सांगितली, तर ती खरी समजून कामाला लागावे.

शाळेत हे सहज करता येते. समजा, सत्र संपताना गुरुजींनी सातवीच्या मुलांना कागदाचे चिठोरे दिले आणि म्हटले, ‘नाव लिहू नका. यंदा कोणता धडा समजला नाही आणि का, एवढंच लिहा.’ पहिल्या वेळी मुले भीतभीत लिहितील, ‘सगळं समजलं.’ गुरुजी शांत राहिले, कोणाचे अक्षर ओळखायला गेले नाहीत, तर दुसऱ्या वेळी एखादा लिहील, ‘तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलता, ऐकू येत नाही.’ दुसरा लिहील, ‘पुढच्या बाकावरच्यांनाच विचारता.’ हे वाचताना कान तापतील. पण वीस वर्षांत कुठल्याही तपासणीत जे कळले नसते, ते एका चिठोऱ्याने कळले. आणि पुढच्या सोमवारी गुरुजी मुलांकडे तोंड करून बोलू लागले, मागच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारू लागले, तर वर्गाला कळते की आपले लिहिणे वाया गेले नाही. नुसते विचारायचे आणि बदलायचे काहीच नाही, यापेक्षा न विचारलेले बरे. कारण मग लोक पुन्हा खरे सांगत नाहीत.

गावात यासाठी ग्रामसभा आहे. ग्रामसभा म्हणजे गावाच्या हातातले थापटणेच. तिथे हिशेब वाचला जातो आणि कोणीही उठून विचारू शकतो. एखादी विधवा बाई विचारते, ‘माझं घरकुलाचं नाव यादीतून कसं गेलं?’ त्या वेळी सरपंचाच्या तोंडून काय बाहेर पडते? ‘खाली बसा, तुम्हाला काही समजत नाही,’ की ‘बाई, थांबा, यादी काढून पाहू’? गाव तेवढ्यावरून मडके ओळखते. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असाही नियम आहे. ही सभा केवळ सह्यांपुरती उरकली तर गावाने आपली मुक्ताई दाराबाहेर ठेवली, असे समजावे. चांगदेवांना आणि नामदेवांना जे कोणी सांगू शकले नाही ते सर्वांत धाकट्या मुलीने सांगितले, हे विसरू नये. ज्याला बोलण्याचा मान कमी, त्याला पुष्कळदा दिसते जास्त. कारण आपल्या वागण्याचा चटका आधी त्यालाच बसतो.

यावरून तिसरी गोष्ट आठवते. ज्ञानदेवांना लोकांकडून अपमान सोसावा लागला आणि ते झोपडीत जाऊन, दाराची ताटी लावून बसले. बाहेर मुक्ताई उभी राहिली आणि तिने त्यांची समजूत घातली. ते तिचे ‘ताटीचे अभंग’ म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढाऱ्याच्या आयुष्यात ही ताटी फार वेळा लागते. मन लावून काम करावे आणि कोणीतरी चारचौघांत पाणउतारा करावा. मग माणूस म्हणतो, ‘जाऊ द्या, मला काय पडलंय?’ मुख्याध्यापक खोलीचे दार लोटून घेतात, अध्यक्ष बैठकीला यायचे थांबतात. राग रास्त असेलही. पण दार बंद झाले की नुकसान अपमान करणाऱ्याचे होत नाही. जी माणसे आपल्यावर विसंबून असतात त्यांचे होते. आपण कशाने दुखावतो आणि दुखावल्यावर काय करतो, हे ज्याला ठाऊक आहे तो ताटी लावतानाच सावध होतो. दोन दिवस बसेल, पण तिसऱ्या दिवशी उघडील.

या गोष्टीत सांगणाऱ्यासाठीही धडा आहे. मुक्ताईने दार फोडले नाही. ती भावाला त्याचा मोठेपणा आठवून देत राहिली, आणि मग त्या मोठेपणाला हा राग शोभत नाही हे तिने दाखवले. थापटणे लाकडाचे असते, कुंभार मडके हातोड्याने तपासत नाही. हाताखालच्या माणसाला त्याची चूक सांगायची असेल तर एकट्यात सांगावी, एका वेळी एकच सांगावी, आणि स्वभावाबद्दल न बोलता कामाबद्दल बोलावे. ‘तुम्ही आळशी आहात’ याने माणूस ताटी लावतो. ‘या महिन्यात हजेरीपट तीन वेळा उशिरा आला, काय अडचण आहे?’ याने तो बोलू लागतो.

आता दुसरी बाजू. स्वतःला ओळखणे म्हणजे नुसते दोष मोजणे नव्हे. आपल्यात काय चांगले आहे हेही माहीत असावे लागते. खेड्यातले पुष्कळ शिक्षक म्हणतात, ‘आमचं काय, आम्ही साधे मास्तर.’ हीसुद्धा स्वतःची चुकीची ओळखच. साने गुरुजींकडे पाहा. १९२४ साली ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. धाकाने मुले सांभाळणे हा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी तसा आव आणला नाही. मुले खोलीत नसताना ते त्यांचे कपडे घडी करून ठेवत, खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसत. लिहिण्याचा हात होता, तर मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढीत. माया आणि लेखणी या आपल्या दोन गोष्टी त्यांनी कामाला लावल्या आणि मुले त्या मायेनेच वळली. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात पडले. १९३२ साली ते आपल्या धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, अठरा अध्यायांवर अठरा. साने गुरुजी ती लिहून घेत बसले. स्वतः उत्तम बोलणारा आणि लिहिणारा माणूस दुसऱ्याचे शब्द टिपत बसला, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. कुठे आपण पुढे व्हायचे आणि कुठे मागे बसून टिपून घ्यायचे, हे ज्याला कळले त्याला स्वतःची ओळख झाली असे म्हणायला हरकत नाही.

तेव्हा श्रोते हो, रोजच्या व्यवहारात करण्यासारख्या तीन गोष्टी मी सांगतो. पहिली गोष्ट, आपल्याला खरे सांगणारे एक तरी माणूस जपावे. ते वयाने किंवा हुद्द्याने आपल्यापेक्षा लहान असेल तर उत्तम. त्याला स्पष्ट सांगावे की, ‘माझं कुठं चुकतंय असं दिसलं तर बोल, मी मनात ठेवणार नाही.’ आणि खरोखरच मनात ठेवू नये. दुसरी गोष्ट, महिन्यातून एकदा वहीत दोन ओळी लिहाव्यात, या महिन्यात मी कशाने चिडलो आणि चिडून काय केले. सहा महिन्यांनी वही चाळली म्हणजे आपला स्वभाव आपल्याच अक्षरांत समोर उभा राहतो. पुन्हा पुन्हा तेच कारण दिसले तर औषध तिथे लावायचे. तिसरी गोष्ट, वर्षाला एक नवे काम हाताने शिकावे, आणि तेही आपल्यापेक्षा धाकट्याकडून. संगणकावर हजेरी भरणे असो, ठिबकच्या नळ्या जोडणे असो. शिकाऱ्याच्या जागी बसले म्हणजे आपल्याकडे शिकणाऱ्यांना काय वाटत असेल, तेही कळते.

या कामाला पैसा लागत नाही, हुकूम लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. लागतो तो थोडा धीर, कारण थापटणे डोक्यावर बसते तेव्हा दुखतेच. परंतु घरात पाण्यासाठी ठेवायचे मडके वाजवून घेतलेले बरे. न वाजवता भरले आणि ऐन उन्हाळ्यात झिरपू लागले, तर तहानलेली राहतात ती त्या पाण्याच्या भरवशावर बसलेली माणसे.